मोठ्या बांचा दुसरा कोस

वेठीविरुद्ध मी आजवर जेवढं लिहिलं, त्यात माझ्या घरचं एक अक्षर नाही. पत्रकात घरचं लिहायची रीत नाही. पत्रकात जुलूम असतो, जुलूम करणारा असतो आणि शेवटी ‘बंधूंनो, उठा’ असतं. माझे चुलते, ज्यांना मी मोठे बा म्हणायचो, यातल्या कशातच बसत नव्हते. जुलूम त्यांच्यावर रोजचा, पण रडगाणं नाही. उठा म्हणावं, तर ते माझ्या आधी उठून, तोंड धुऊन, डोक्यावर चुंबळ ठेवून तयार. म्हणून ते माझ्या लिहिण्यातून राहून गेले. त्यांना मातीआड करून आता चार महिने झाले. मध्ये एक गोष्ट अशी घडली, की त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढचं पत्रक हातून उतरेना.

आमचं गाव जळकोट सोडून चाकूरच्या वाटेला लागलं की लागतं. तिथल्या मांगवाड्यातली थोडी घरं माझ्या आज्याच्या काळात येशूची झाली. पत्र्याच्या खोलीत रविवारची उपासना सुरू झाली, गळ्यातले ताईत गेले, मुलं मिशनच्या शाळेत बसू लागली. वेठ मात्र होती तिथंच राहिली. चावडीला आमचा देव बदलल्याचं कुणी कळवलं नसावं.

वेठ अशी. महसुलाचा गिरदावर, तहसीलदार, आबकारीचा जमादार, कुणीही हुजूर दौऱ्यावर निघाला की त्याचं सामान गावानं वाहायचं. गावानं म्हणजे आमच्या आणि महारवाड्यातल्या घरांनी. वळकटी, पेटी, पाण्याची सुरई, पानदान, कधी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा. चावडीवर घरांची पाळी ठरलेली. ज्याची पाळी, त्यानं ओझं डोक्यावर घ्यायचं आणि साहेबाच्या घोड्यामागं शिवेपर्यंत चालायचं. शीव आमच्यापासून कोसभर. तिथं कडुलिंबाखाली पुढच्या गावचा माणूस उभा असतो. त्याच्या डोक्यावर ओझं द्यायचं आणि परत फिरायचं. तिथून त्याच्या गावापर्यंतचा कोस त्याचा. मजुरी नाही. पेरणी असो, ताप असो, घरात मयत असो, सुटका नाही. कागदोपत्री हे कधीच बंद झालंय, असं नांदेडचे वकीलसाहेब सांगतात. मी त्यांच्याकडे उर्दू अर्जांच्या नकला करतो, तेव्हा ते खरंच सांगत असणार. कायद्याला आमच्या गावची वाट सापडत नाही, एवढंच.

मोठे बा दोर वळायचे. अंबाडीचे, घायपाताचे. पोळ्याच्या आधी कासरे आणि दावी घेऊन लातूरच्या बाजाराला जायचे. तिथला एक लिंगायत दुकानदार दुसऱ्या कुणाचा दोर हातात धरायचा नाही. मोठे बा अंगानं बुटके, मान आखूड. ‘वझ्यानं मान आत गेली त्येंची, लगीन झालं तवा चांगली हातभर व्हती,’ असं मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, सांगायची. पाद्रीसाहेबानं दिलेला एक लांब कोट होता. त्याला बटणं नव्हती. मोठे बा तो कमरेला आपल्याच दोरीनं बांधायचे आणि म्हणायचे, ‘बटन तुटतंय, ह्यो तुटंना.’ माझे आईबाप मी कळता व्हायच्या आत गेले. तेव्हापासून मी या दोघांच्या ताटात जेवलो.

प्रार्थनेच्या बाबतीत मोठे बा गावाला भारी होते. रविवारी ‘कुणाला प्रार्थना करायची असेल त्यानं करावी’ असं पाळक म्हणाले, की सगळी मंडळी डोळे मिटून मनात एकच मागणं मागायची: आज मोठे बा गप्प राहू देत. ते राहायचे नाहीत. विहिरीच्या पाण्यापासून सुरू करून बाजारातल्या अंबाडीच्या भावावरून ते तहसीलदारांच्या घोड्यापर्यंत पोचायचे. ‘प्रभू, त्या तांबड्या घोड्याचा मागचा पाय लंगडायलाय, तेवढं बघ. घोडा बसला तर तहसीलदार बी माझ्याच डोक्यावर येतंय.’ पाळक खोकायचे. बायका पदरात हसायच्या. मोठे बा आमेन म्हणायच्या आधी पाळकांच्या खोकल्यासाठीही मागून घ्यायचे.

शास्त्रातला त्यांचा सगळ्यात आवडता माणूस कुणी मोठा प्रेषित नव्हता. येशूला क्रुसावर द्यायला नेत होते, तेव्हा शेताकडून घरी चाललेल्या एका वाटसरूला शिपायांनी धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर लादला, तो माणूस. पाळक तिथपर्यंत वाचत आले, की मोठे बा शेजारच्याला कोपर मारायचे.

‘आपला मानूस आला बघ. भाकर खाया घरी चालला व्हता बिचारा. धरला वेठीला.’

चावडीवर ओझं उचलायच्या आधी मोठे बा त्याच्यावर हात ठेवून डोळे मिटायचे. एकदा गावच्या कोतवालानं त्यांना टोकलं, ‘काय रं, साहेबाची वळकटी हाय का देवाची पालखी?’

मोठे बा म्हणाले, ‘त्या मानसाला कुटं ठावं व्हतं कुनाचं वझं हाय ते? नुसतं लाकूड समजून शिव्या देत उचललं आसंल. मला बी ठावं नस्तंय. म्हनून आदी हात लावतो आन् येशूला पुसतो, बा, हे तुझं न्हाई ना?’

‘मग काय म्हनतो त्यो?’

‘काईच म्हनत न्हाई. म्हनून उचलतो.’

आता दुसऱ्या कोसाचं. आमच्या मंडळीत पाळक ते वचन फार आवडीनं सांगायचे: कुणी तुला धरून कोसभर नेलं, तर तू त्याच्याबरोबर दोन कोस जा. आणि ते सांगायचे अशा वेळी, की पाळीवरून वस्तीत कुरबूर चाललेली असायची. ऐकून माझ्या अंगाची आग व्हायची. एक कोस साहेब फुकट नेतो आणि दुसरा देव नेतो, मग माणसानं दोर वळायचे कधी? नांदेडच्या शाळेत चार बुकं शिकून आल्यावर मी हे पाळकांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, ‘तुझ्यात अहंकार आलाय.’ मी रविवारी पत्र्याच्या खोलीत जाणं सोडलं.

पुढच्या पाळीला मोठे बा म्हणाले, ‘चल बरं माझ्यासंगं. हात हलवीत चल, वझ्याला हात लावू नगं.’

त्या दिवशी दौऱ्यावर गिरदावर होते. जाडजूड, गालात पान, हैदराबादकडची बोली. शिवेपर्यंत मोठे बा घोड्यामागं धूळ खात चालले. मी बाजूनं. शिवेवर कडुलिंबाखाली पुढच्या गावचा एक म्हातारा बसला होता. त्याच्या घरात दुसरा बाप्या माणूस नव्हता आणि त्याला दमा. लांबूनच त्याच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. तो आमच्या मंडळीतला नव्हता. मरीआईचा भक्त, कपाळाला हळद. ओझं घ्यायला तो उठू लागला.

‘ऊठ नगंस,’ मोठे बा म्हणाले. ‘म्या चाललोच हाय तुज्या गावाकडं.’

आणि ते घोड्याला वळसा घालून पुढं झाले. मागं राहिले नाहीत, बाजूलाही नाही. सरळ घोड्याच्या तोंडापुढं.

गिरदावरांनी लगाम खेचला. ‘क्या रे बुढ्ढे, सामने कायकू चलता? पीछे चल.’

‘हुजूर, शिवंपातूर वेठ व्हती. वेठीत घोड्यामागं चालायचा रिवाज हाय, चाललो. वेठ सरली. आता म्या माझ्या मनानं तुमच्या सोबतीला यायलोय. सोबतीचा मानूस मागनं धूळ खात यील का?’

बरोबरच्या शिपायानं वेताची छडी मोठ्या बांच्या पोटरीवर ओढली. मोठे बा थांबले, ओझं सावरत वळले आणि शिपायाला म्हणाले, ‘मारायचं तर मार. पर वेठीतल्याला मारायलास का सोबत्याला, ते आदी ठरव.’

शिपायानं साहेबाकडं पाहिलं. साहेबांनी पान थुंकलं. ‘जाने दे. पागल है. चल बाबा, चल सामने.’

पुढचा अख्खा कोस मोठे बा घोड्यापुढं चालले आणि भजन म्हणत राहिले. मध्येच थांबून ही करडई कुणाची, तो बांध कुणी कोरला, हे साहेबांना सांगायचे, जणू पाहुण्याला गाव दाखवतायत. गावात पोचल्यावर ओझं उतरवलं, घाम पुसला आणि विचारलं, ‘लेकरंबाळं बरी हायत ना घरी?’ गिरदावरांनी चक्क उत्तर दिलं. धाकट्या मुलीला गोवर आलाय, म्हणाले. मोठे बा तिथंच डोळे मिटायला लागले, तेव्हा मी त्यांना ओढून बाहेर आणलं.

परतीच्या वाटेवर मी तोंड सोडलं.

‘बा, पहिला कोस जुलमाचा. दुसरा लाचारीचा.’

‘त्या म्हाताऱ्याला जाऊन सांग हे. त्यो कडुलिंबाखाली बसलाय अजून.’

‘म्हाताऱ्याचं कळलं मला. पण सामान तर साहेबाचंच पोचलं. साहेबाला काय फरक पडला?’

‘त्याला पडला का न्हाई, ते त्यो बघंल. मला पडतो. पहिल्या कोसात म्या सरकारचा आसतो. दुसऱ्या कोसात सरकार माझं पाव्हनं आसतंय.’

‘आणि पहिला कोस बंद कुणी करायचा?’

‘तू की. नांदेडला उर्दू शिकाय कशाला धाडलं तुला? मला लिवता येत न्हाई. मला चालता येतंय, म्या चालतो.’

मी पत्रकं लिहू लागलो ते त्यानंतर. छापून येतात ती हैदराबाद संस्थानाबाहेर, इंग्रजी मुलखातून. कुठल्या गाडीनं आणि कुणाच्या गाठोड्यातून, ते इथं लिहायचं कारण नाही. सुटीत गावी गेलो की मोठे बा दोर वळत वळत पत्रक वाचून घ्यायचे. ‘रक्तपिपासू’ हा शब्द आला की हात थांबायचा. ‘म्हंजी ढेकून का?’ मी म्हणायचो, जुलमी अंमलदार. ‘मग ढेकून बरा शब्द हाय. समद्याला कळतो.’ शेवटी नेहमी एकच प्रश्न: ‘हे वाचून कुनाचं वझं उतरलं का रं?’ मी चिडायचो. ते हसायचे आणि मोठ्या मायला ओरडून सांगायचे, ‘आगं, पुढाऱ्याला भाकर वाढ, लई लिवून आलाय.’

यंदा पावसाळा सरता सरता ताप आला आणि मोठे बा त्यातून उठले नाहीत. मी नांदेडहून पोचलो तेव्हा बोलणं बंद झालं होतं. ओठ मात्र हलत होते. प्रार्थना तिथंही लांबलेली दिसत होती. माळावर मंडळीची जागा आहे, तिथं पुरलं. त्यांनीच वळलेल्या दोरांवर त्यांना खाली सोडलं. दोर जरासुद्धा कुरकुरला नाही, अशी तारीफ त्यांच्या धंद्यातल्या एकानं मातीच्या कडेला उभं राहून केली. तेव्हा मोठी माय पहिल्यांदा रडली.

मातीनंतर मी वस्तीतल्या तरण्यांना गोळा केलं. माझं नवं पत्रक तेच होतं: वेठीला नाही म्हणा, आजपासून, एकानंही ओझं उचलू नका. मी मोठ्यानं वाचलं आणि सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. सुरुवात आमच्या घरापासून, असंही छाती ठोकून सांगितलं.

ती सुरुवात गेल्या महिन्यात दारात आली. मी मोठ्या मायला भेटायला गावी गेलो होतो. सकाळी कोतवाल आला.

‘गिरदावर आल्यात. मुक्काम हालायलाय. पाळी मोठ्या बाची हाय.’

‘मोठे बा गेले,’ मी म्हणालो.

‘घर हाय की. घरात बाप्या तू हायस.’

‘मी वेठ देणार नाही. कुणीच देणार नाही. सांग जा चावडीवर.’

कोतवाल हलला नाही. तोही आमच्यासारखाच बांधलेला माणूस. ‘सांगतो की. पर तू न्हाई, तर पाळी शेजारच्या घराची. त्यो बी न्हाई म्हनला, तर दोन शिपाई येतील आन् घावंल त्याला नेतील. त्येंला घराचं दार दिसतंय, मानसाची छाती दिसत न्हाई.’

छातीचं तो उगाच बोलला नाही. आमचा शेजारी विहिरीच्या कामावर असताना दरड अंगावर आली होती. फासळ्या मोडल्या, आणि तेव्हापासून खोकला आला की रक्त पडायचं. लातूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं, वर्षभर डोक्यावर काही घेतलंस तर संपलास. हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक. कोतवालाचं बोलणं ऐकून तो बाहेर आला आणि मुंडासं गुंडाळायला लागला.

‘जातो की म्या. शिवंपातूरच तर जायचंय.’

त्याची बायको दारात उभी होती. माझ्याकडं बघत राहिली.

तोवर तरणे जमले. ज्यांच्याकडून मी कबूल करून घेतलं होतं, तेच. ‘तू गेलास तर पत्रक चुलीत घाल,’ एक म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘आन् ह्याला जाऊ दिलं तर?’ नाही म्हणा, हे माझ्या पत्रकात ठळक अक्षरांत होतं. आपल्या नाहीचं ओझं शेजारच्या मोडक्या फासळ्यांवर पडलं तर काय करायचं, याला पत्रकात जागा नव्हती. पत्रकातलं एक अक्षर मी मागं घेत नाही, आजही नाही. पण तो माणूस मुंडासं बांधत होता आणि कोतवाल वाट बघत होता.

मोठी माय आतून म्हणाली, ‘तुजं तू बघ, लेकरा. पर त्याला जाऊ दिऊ नगं.’

खुंटीवर मोठ्या बांची चुंबळ तशीच होती. ती काढली. शेजारी आडवा आला. ‘आरं तू पत्रकवाला. लोक काय म्हनतील?’

‘म्हणू दे. तू बस खाली.’

चावडीवर तेच गिरदावर. पोट थोडं वाढलेलं, गालात पान तेच. मी उर्दूत सरळ बोललो. साहेब, वेठ बेकायदा आहे आणि ती मी देणार नाही. शेजाऱ्याची पाळी काढलीत तर तो वाटेत मरेल. तो जाऊ नये म्हणून सामान मी नेतो. वेठ नाही म्हणून मी घोड्यामागं चालणार नाही, पहिल्या पावलापासून पुढं चालणार.

पाटील खाटेवरून उठले. ‘साहेबापुढं जबान चालवायलास? मांगाचं पोर ते!’

गिरदावरांनी हातानं त्यांना बसवलं. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. ‘वो बुढ्ढा किधर है? सामने चलनेवाला?’

‘गुजर गए. मेरे चाचा थे.’

त्यांनी घोड्याच्या मानेवर थाप मारली. मग म्हणाले, ‘तुम्हारे घर में सबकू सामने चलने की बीमारी है क्या?’

‘हौ,’ मी म्हणालो.

‘तो चल. मगर गाना नक्को. उस दिन पूरा कोस गाया उनो. शाम तक सर दुखा मेरा.’

मी वाकलो. वळकटी, पेटी, वर सुरई आणि पानदान. शिव्या ओठांपर्यंत आल्या होत्या. उचलायच्या आधी हात वळकटीवर गेला आणि मोठे बा जे विचारायचे ते मी मनात विचारलं. काही ऐकू आलं, असं मी सांगणार नाही. शिव्या मात्र गिळल्या गेल्या. पाळकांशी भांडल्यापासून मी देवाशी बोललो नव्हतो. बोललो तो असा, चावडीपुढं, साहेबाच्या गादीवर हात ठेवून.

बाजारपेठेतून जाताना एक दुकानदार ओरडला, ‘काय पुढारी, पत्रक लई जड झालं का?’

‘हाव, जड हाय. ये, एक टोक धर.’

तो आला नाही. त्याच्या शेजारचा हसला. लाज वाटली नाही असं म्हणालो तर खोटं होईल. मान दुखत होती, त्यापेक्षा कान जास्त तापले होते. पण घोडा माझ्यामागं होता. त्याचा श्वास पाठीला लागत होता, आणि धूळ मी खात नव्हतो, साहेब खात होते. मोठ्या बांच्या डोळ्यांत घोड्यापुढं चालताना जी मिश्कील चमक असायची, तिचं कारण मला त्या वाटेवर कळलं.

कडुलिंबाखाली तो म्हातारा होता. उन्हात त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. घोड्यापुढं चालणारा माणूस तेवढा दिसला. तो लांबूनच म्हणाला, ‘आलास का बा? लई दिसांनी आलास.’

जवळ गेल्यावर त्यानं मला निरखलं. ‘त्यो कुटाय?’

मी सांगितलं. म्हातारा उठला होता, तो पुन्हा खाली बसला.

‘मला कुनी कळवलं न्हाई.’

खरं होतं. शिवेपलीकडं निरोप द्यायचं आमच्यातल्या कुणाला सुचलं नव्हतं. तो आमच्या मंडळीतला नाही, भावकीतला नाही, कोण कळवणार? मी ओझं न उतरवता म्हणालो, ‘बसा तुम्ही. मी तुमच्या गावापर्यंत नेतो.’

‘न्हाई.’ तो झाडाला धरून उठला. ‘लई वर्सं त्यानं माजा कोस चालला. कळलं आस्तं तर मातीला आलो आस्तो. ते न्हाई घडलं, आता एवढं तरी घडू दे. हिकडं दे काईतरी.’

मी नको म्हणत राहिलो. त्यानं हात वर करून सुरई आणि पानदान काढूनच घेतलं. एक काखेत, एक हातात. आणि माझ्या बरोबरीनं, घोड्यापुढं चालायला लागला. पाचपन्नास पावलं झाली की तो थांबे. त्याची छाती वाजे. तो थांबला की मी थांबे, आम्ही थांबलो की घोडा थांबे.

‘ये क्या बारात निकली है?’ मागून गिरदावर म्हणाले.

‘हाव सरकार,’ म्हातारा दम खात म्हणाला. ‘नवरदेव तुमीच.’

शिपायालाही हसू आवरलं नाही.

चालता चालता म्हातारा तुकड्या-तुकड्यानं बोलत होता. ‘परतताना माज्या वसरीवर बसायचा त्यो. भाकर खायचा. मला कदी म्हनला न्हाई, तुजी मरीआई सोड म्हनून. एकदा मीच पुसलं, तुजा येशू कसा हाय रं?’

‘मग?’

‘म्हनला, वेठीला धरलेल्याच्या संगं चालतो, एवढं मला ठावं हाय. बाकीचं पाळकाला पूस.’

मी पुढं बघत चालत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं तर पुसायला हात मोकळा नव्हता. मिशनच्या शाळेत मी येशूबद्दल पुष्कळ पाठ केलंय, परीक्षेत पहिला आलोय. दोन कोसांचं ते वचन मला साहेबाच्या बाजूनं सांगितलं गेलं होतं आणि मीही ते साहेबाच्याच बाजूनं ऐकलं होतं. मोठ्या बांनी ते ओझ्याखालच्या माणसाच्या बाजूनं ऐकलं. शिवेवर जो दमेकरी बसलाय, त्याच्याजवळ येशू उभा आहे, आणि आपल्याला त्याच्याकडं जायचंय, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं. साहेबाचं सामान वाटेत त्यांच्या डोक्यावर असायचं, ही साहेबाची सोय. माझा राग यानं कमी झाला नाही. आता मला ठाऊक आहे, की त्या वचनाचा धाक घालून जो आम्हाला गप्प बसवतो, तो येशूच्या वतीनं बोलत नाही. पाळकांना हे मी जाऊन सांगितलंय. ते या वेळी अहंकार म्हणाले नाहीत. विचार करतो, म्हणाले.

गावात ओझं उतरवलं. गिरदावर घोड्यावरून उतरताना म्हणाले, ‘उस बीमार आदमी का नाम पाळी में से निकालने कू बोलता मैं पाटील कू.’ बोलतील की नाही, देव जाणे. अंमलदाराच्या शब्दावर मी भरवसा ठेवत नाही, म्हणून त्या रात्री तरण्यांना बसवून दुसरी सोय केली. वेठ बंद व्हावी म्हणून तहसीलकडं अर्ज जाईल, पत्रकंही निघतील. तोवर आजाऱ्याच्या, म्हाताऱ्याच्या, विधवेच्या घरची पाळी आली, तर आमच्यातला धडधाकट माणूस जाईल, आणि जो जाईल तो घोड्यापुढं चालेल. छडी पडली तर सगळे मिळून चावडीवर. ‘पत्रक चुलीत घाल’ म्हणणाऱ्यानंच पुढच्या पाळीला आपलं नाव दिलं.

ओझं पोचवून मी वस्तीत परतलो तेव्हा दुपार कलली होती. शेजारी भिंतीला टेकून दारातच बसला होता. सकाळपासून आत गेला नव्हता, असं त्याची बायको म्हणाली. मुंडासं अजून बांधलेलंच.

‘गेलं का सामान?’

‘गेलं.’

‘त्यो म्हातारा भेटला?’

‘भेटला. त्यानं गिरदावराला नवरदेव केलं.’

मी सगळं सांगायला लागलो. बारात, शिपायाचं हसू, घोड्याचं थांबणं. शेजारी ऐकता ऐकता हसायला लागला. हसता हसता खोकला सुरू झाला. फासळ्या दाबून तो वाकला, पण हसू काही थांबेना. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली आणि माझ्यावरच कडाडली.

‘वझ्याखाली मरू दिला न्हाईस, आन् आता हसवून मारायलास का? ऊठ हितनं. मुंडासं सोड त्याचं आदी, मग जा.’

मी त्याच्या डोक्यावरचं मुंडासं सोडलं, घडी करून तिच्या हातात दिलं आणि उठलो.